गळती

टीव्ही लावला की आधी
आमच्या कोपरखैरण्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत
एक गाडी येते. पांढरी. डोंगरातून वळणं घेत.
मग सोफा. मग कुणाचे तरी खूप दात.
आणि मग खाली, कोपऱ्यात, बोटाएवढ्या चौकोनात
आम्ही काल अर्धं सोडलेलं काहीतरी.

विकत आणलाय ना, बाबा म्हणाले,
भाड्याने नाही ना?
पावण्याच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं फिटर.
त्यांच्या जगात बिघाड दोनच,
चोकअप आणि गळती.
ही गळती आहे, म्हणाले. व्हॉल्व्ह शोध.

तीन रविवार शोधला.
वाशीला, सेक्टर सतरात, बिजूने काउंटरवर
चार डबे मांडले, काळे, साबणाच्या वडीएवढे.
हा स्वस्त आहे मॅडम, पण बोलका.
हा गप्प. पण एक अपडेट आला की
हाही तोंड उघडेल, गॅरंटी नाही.
मला बघायला आलेल्यांनी विचारलेलं सगळं
मी त्या डब्यांना विचारून घेतलं:
मराठी येतं का. घरात किती जणांचं ऐकशील.
इथलं तिथे सांगायची सवय आहे का.
चौथ्याने शेवटच्या प्रश्नाला
दहा पानी करार पुढे केला.

शेवटी ऐरोलीच्या ऑफिसने भंगारात काढलेला
छोटा संगणक, आठशे रुपयांना.
त्यावर फुकटातली प्रणाली, जी कुणीतरी
कुठेतरी रात्री जागून लिहिलेली,
आणि बदल्यात काहीच न मागणारी. म्हणून आधी संशय आला.
डबा चपलांच्या रॅकमध्ये, वरून दुसऱ्या फळीवर.
भिंतीला भोक बाबांनी पाडलं, लेव्हल लावून,
वायरीसाठी कुणी लेव्हल लावतं का, पण लावली.
टीव्हीचं वायफाय मी कायमचं काढलं.
ब्लाइंड फ्लँज मारला म्हण की, ते म्हणाले,
आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा
हात पुसायला चिंधी मागितली.

आता काळा पडदा. पांढरी अक्षरं. बास.
आईच्या मालिका.
मॅच, जुन्या.
रवळनाथमामाचं लग्न ९६ (आवाज नाही).
इतर.

पहिल्या रात्री सिनेमा अडीच तास
सरळ वाहिला. कुठे अडला नाही.
कुणी उठलंच नाही.
भात खाली लागला.
बाबांची साडेआठची गोळी साडेदहाला.
आई मध्येच घणसोलीच्या शकूताईच्या गुडघ्याचं
काहीतरी सांगत होती, मी हात वर केला,
थांब गं, आत्ता खून झालाय.

शकूताईचं ऑपरेशन होऊन गेलं
हे मला चार दिवसांनी कळलं.

म्हणजे इतकी वर्षं
साबणाच्या फेसात, सिमेंटच्या गोणीवर, त्या दातांच्या मागे
आई बोलत होती तर.
कुणाचा फोन आला, दूधवाल्याचे किती, पाणी उद्या येणार नाही,
तीन मिनिटांत बसवून, आवाज चढवून,
परत सुरू व्हायच्या आत.
व्हॉल्व्ह बंद केला तो मी. बिघाड माझाच.

काल बाबांनी रिमोट घेतला.
चष्मा वर करून बटण शोधलं. दाबलं.
नायक तोंड उघडून थांबला.
बोल, ते आईला म्हणाले.

आता असं बोल म्हटलं तर काय बोलू, ती म्हणाली,
आणि भाताकडे बघायला आत गेली.
तिथून, झाकणाच्या आवाजात:
अहो, ती खालची पिल्लईबाई घर सोडतेय.
कधी?
महिनाअखेर. मुलगा बंगलोरला.
कोणता, लहान?
लहान कुठे आता...

नायकाचं तोंड उघडंच होतं.
थोड्या वेळाने पडदा आपणहून विझला.
कुणी काही दाबलं नाही.

रॅकमध्ये डबा रात्रभर बारीक घरघरतो.
सकाळी ऑफिसला निघताना
माझी डावी चप्पल कोमट असते.